मोरी बघणाऱ्या बाई

आख्ख्या पुण्यात, म्हणजे पेठांपासून पार धायरीच्या पुढपर्यंत, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकल्यावर देव्हारा सोडून आधी मोरी बघणारी बाई एकच झाली, आणि तिची गाडी हाकायचं भाग्य नेमकं माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला आलं. मी म्हणजे कोण, तर येरवड्याच्या वस्तीत राहणारा, एका संस्थेची गाडी चालवणारा. शिक्षणाचं विचाराल तर शाळेत मी इतका कमी दिसायचो की एकदा गेलो तेव्हा मास्तरांनी विचारलं, "कोणाला भेटायचंय?" तेव्हापासून मीही त्यांना त्रास दिला नाही. तर ही आमची संस्था गरिबी हटवायचं काम करते. मी कामाला लागलो त्या दिवशी साहेब मोठ्या तोंडानं म्हणाले, "आपल्याला या वस्तीतली गरिबी हटवायची आहे." मी म्हटलं, "कुठं नेऊन टाकायची तेवढं सांगा, गाडी आहेच." साहेब हसले नाहीत. मागच्या खुर्चीत बसलेल्या एक बाई मात्र म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे त्यांचा. कुठून किती हटली ते आपल्याला तरी कुठे माहीत आहे?" त्याच या बाई.

सदाशिव पेठेत जन्मलेल्या, विश्रांतवाडीत फ्लॅट घेऊन राहिलेल्या, सगळी नोकरी सरकारी हापिसात आकडे जुळवण्यात घालवलेल्या. निवृत्त झाल्या आणि आमच्याकडं आल्या. काम काय, तर संस्था जे जे करते त्यानं कुणाचं काही खरंच भलं झालं का, ते बघायचं. असलं काम असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आपण वाटायचं, समोरच्यानं घ्यायचं, फोटो काढायचा, झालं भलं. पण बाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या तोंडात एक शब्द कायमचा मुक्कामाला होता. तो म्हणजे "मग?" साहेब आनंदानं सांगायचे, "बाई, या महिन्यात आपण चांगली शिबिरं घेतली." बाई म्हणायच्या, "मग?" "मग काय, बायका आल्या की." "मग?" "शिकल्या!" "मग?" इथपर्यंत आलं की साहेबांच्या कपाळावर घाम यायचा, ते पंखा वाढवायला उठायचे आणि परत यायचेच नाहीत. एकदा माझ्यावरही ती पाळी आली. विश्रांतवाडीहून निघताना मला उगाच शहाणपण सुचलं, जवळचा रस्ता म्हणून आळंदी रोड सोडून मी एका गल्लीत गाडी घातली, तिथून दुसऱ्या गल्लीत, तिथं मांडव पडलेला, तिथून तिसऱ्या गल्लीत, आणि बराच वेळ हाणल्यावर पुन्हा बाईंच्याच सोसायटीच्या दाराशी उभा. वॉचमननं सलाम ठोकला. बाई शांतपणे म्हणाल्या, "आपण खूप चाललो, ड्रायव्हर. पोचलो मात्र नाही. आपल्या संस्थेचे अहवाल असेच असतात."

'छान' हा शब्द त्यांना चालायचा नाही. "छान हे माप नाही," म्हणायच्या. मी डबा खाताना म्हटलं, आज भाजी छान झालीय. त्या म्हणाल्या, "कालच्यापेक्षा की परवाच्यापेक्षा?" मला ते इतकं पटलं, इतकं पटलं, की रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "कशी झालीय भाजी?" तर मी विचार करून सांगितलं, "परवाच्यापेक्षा बरी आहे, पण गेल्या आठवड्यातल्या वांग्याला नाही पोचत." पुढं काही दिवस मला भाजीच मिळाली नाही, त्यामुळं तुलनेचा प्रश्नच मिटला. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मोजायचं असतं, पण ज्याच्या हातात पळी आहे त्याला सांगायचं कसं हे आधी शिकायचं असतं." हे त्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं.

आणखी एक विचित्र खोड म्हणजे, ज्या गल्लीत संस्थेनं काडीचंही काम केलेलं नाही, तिथं जायचा त्यांचा हट्ट. आमची गल्ली झाली की पलीकडच्या गल्लीत. मी म्हणायचो, "बाई, तिथं आपण काही दिलंच नाही, तिथं काय बघायचं?" त्या म्हणायच्या, "आपण नसतो तर काय झालं असतं, ते." आता ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरेना. मग त्यांनी माझ्या सर्दीवरून समजावलं. मी डॉक्टरची गोळी खाऊन बरा झालो होतो आणि त्याचं कौतुक करत होतो. बाई म्हणाल्या, "गोळी न खाता कधी बरे झाला असता?" पुढच्या सर्दीला मी मुद्दाम काही घेतलं नाही, तर सर्दी तेवढ्याच दिवसांनी गेली. तेव्हापासून तो डॉक्टर समोरून आला की मी रस्ता बदलतो, बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

पण हे सगळं चटणीकोशिंबीर. बाईंचं मुख्य पक्वान्न म्हणजे मोरी. वस्तीत कुठल्याही घरी गेल्या की म्हणायच्या, "जरा हात धुवू का?" आता हात धुवायला नाही कोण म्हणणार? बाई मोरीत जायच्या, हात धुवायच्या, बाहेर यायच्या, पदराला हात पुसायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि पुढच्या घरी पुन्हा, "जरा हात धुवू का?" दुपारपर्यंत त्यांचे हात धोब्याच्या हातासारखे पांढरेफटक पडायचे. गाडीत बसल्या की पर्समधून खोबरेल तेलाची छोटी डबी काढून हातांना चोळायच्या. वस्तीतल्या बायका मला विचारायच्या, "तुमच्या बाईंना काही होतंय का हो? सारखे हात धुतात. सोवळ्यातल्या आहेत का?" मलाही वाटलं, आमच्या घराला हात लागला म्हणून धुतात की काय. एक दिवस हिय्या करून विचारलंच. बाई मोठ्यानं हसल्या. त्या अशा हसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या. म्हणाल्या, "अहो, कमाई किती विचारली तर तुम्ही लोक खरं सांगता का? मदत मिळेल असं वाटलं तर कमी सांगता, पाहुणा वाटला तर जास्त सांगता. मोरीला खोटं बोलता येत नाही. ज्या घरात एकाच निळ्या वडीनं कपडे, भांडी आणि अंग, तिथं ओढाताण आहे. अंगाचा साबण निराळा आला, की समजायचं घराला थोडा श्वास मिळाला. मी दरवर्षी तेवढंच बघते."

मला ते लगेच पटलं. कारण लहानपणी माझं अंग, माझी चड्डी आणि घरचा तवा ही तिन्ही एकाच वडीनं घासली जायची, आणि त्यातला तवाच तेवढा उजळ निघायचा.

आता असलं गुपित कळल्यावर माणसानं ते पोटात ठेवावं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ही गोष्ट माझ्या आईनं माझ्या बारशालाच सांगून ठेवलेली. त्याच संध्याकाळी कट्ट्यावर मी ऐटीत सांगितलं की आमच्या बाई साबण बघतात. झालं. दिवे लागेपर्यंत गल्लीत ज्याला त्याला माहीत.

आणि नेमकी वेळ नाजूक होती. संस्थेनं आमच्या वस्तीत पोळी-भाजी केंद्र काढलं होतं. एक खोली, चार शेगड्या. बायकांनी तिथं यायचं, मोठ्या ऑर्डरीचं काम शिकायचं, आणि पोळ्या-भाज्या कंपन्यांच्या कँटीनला जायच्या. माझी बायको तिथं पहिल्या दिवसापासून होती. आधी ती दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करायची नाही, पण घरात बसून मला बोलायचं काम मात्र दिवसभर असायचं. केंद्रात गेल्यापासून ती दुपारी घरी आल्यावर बोलायची, म्हणजे माझं निम्मं आयुष्य सुधारलं. तर या केंद्राला मदत देणारा जो ट्रस्ट होता, त्यांनी सांगितलं होतं की दिवाळीनंतर बघू; फायदा दिसला तर चालू, नाही तर बंद. सगळी गल्ली जीव मुठीत धरून बसली होती. बायको तर म्हणाली, "हे बंद पडलं ना, तर मी पुन्हा दिवसभर घरात." हे ऐकून सगळ्यात जास्त मी घाबरलो.

बाईंची आणखी एक सवय अशी की ठरलेल्या दिवशी त्या कधीच यायच्या नाहीत. ऑक्टोबरच्या त्या रखरखीत सकाळी, केंद्राला सुट्टी होती त्या दिवशी, गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "चला, तुमच्या गल्लीत." मी म्हटलं, "आज? अहो, परवा ना?" "परवा सगळे नटून बसतील. म्हणून आज." मी पेट्रोल भरायच्या निमित्तानं उतरलो आणि बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "आता कुठून आणायचे एवढे साबण? वाणी अजून झोपलाय. आपल्या घरात एक नवा आहे, वासाचा. तो फिरवा." मी विचारलं, "फिरवा म्हणजे?" ती म्हणाली, "फिरवा म्हणजे फिरवा. आणि फिरवणार कोण? तुम्ही. दुसरं जमतं काय तुम्हाला?"

आमच्या गल्लीची ठेवण अशी की घरांच्या मागं एक अरुंद बोळ आहे आणि प्रत्येक मोरीला बोळाच्या बाजूनं हात जाईल एवढा झरोका. बाई पुढच्या दारानं एका घरात शिरायच्या, मी मागच्या बोळात उभा. त्या हात धुऊन बाहेर पडल्या की आतून कुणी तरी साबण झरोक्यातून बाहेर टाकायचं, मी तो झेलायचा आणि पळत जाऊन पुढच्या घराच्या मोरीत ठेवायचा. काही घरं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ओला साबण हातात टिकत नाही, आपटतो. म्हणून मी तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायला लागलो. वरून ऑक्टोबरचं ऊन, अंगाला घामाच्या धारा, खिशात ओला साबण. मला वाटलं आपण काम चोख करतोय. पण मागून एक म्हातारी म्हणाली, "अरे, तुला काय झालंय? छातीतून फेस येतोय तुझ्या!" खाली बघतो तर खिशाभोवती दाढीच्या साबणाएवढा फेस.

सगळं व्यवस्थित चाललं होतं. शेवटचं घर राहिलं होतं, गल्लीच्या टोकाचं. तिथं एक वहिनी राहायची, विदर्भातून नवऱ्याच्या कामामागं आलेली. नवरा बांधकामावर, ती कल्याणीनगरच्या सोसायट्यांत भांडी घासायची. पहाटे जायची, दुपारी यायची, त्यामुळं गल्लीच्या कुठल्याच कटात तिला कुणी धरलेलं नव्हतं. आम्हाला वाटलं घर बंदच असणार, तरी मी हात घालून मोरीत साबण ठेवला. पण त्या दिवशी एका सोसायटीत पाणी आलं नव्हतं म्हणून ती लवकर घरी आली होती. तिला मोरीत नवा, गुलाबी, वासाचा साबण दिसला. तिनं काय करावं? तिनं आतून कडी लावली आणि ती अंघोळीला बसली.

बाई दाराशी येऊन उभ्या. मी बोळातून पळत पुढं आलो. आतून तांब्याचा आवाज येत होता, पाणी ओतल्याचा, पुन्हा तांब्या, पुन्हा पाणी. हळूहळू गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. माझी बायको माझ्याकडं डोळे वटारून बघत होती, जणू मीच आत बसलोय. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी कडी निघाली आणि ती बाहेर आली, केस ओले, चेहरा असा की लग्नाच्या दिवशी तरी असेल की नाही. एवढी गर्दी बघून ती दचकली.

"काय झालं? काहून जमले सारे?"

बाई म्हणाल्या, "काही नाही हो. हात धुवायचे होते. साबण आपला का?"

"नाही जी. कोनं ठेवला मले काय माहीत! मोरीत होता. मले वाटलं, देवानंच पाठवला." मग जरा थांबून म्हणाली, "मस्त होता वास. आता लहान झाला जरासा."

गल्लीत कुणी हसलं नाही. बाईंनी हळूच मान वळवली, माझ्या खिशाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ड्रायव्हर, आपल्याला फेस येतोय." मी खिशावर हात ठेवला तर तो आणखीच वाढला. बाई म्हणाल्या, "तिसऱ्याच घरी कळलं होतं मला. मोरी कोरडी ठणठणीत आणि साबण ओला. मीच ओला केलेला साबण मला पुढच्या घरात येऊन भेटत होता. म्हटलं, बघू तरी कुठपर्यंत येतो सोबतीला."

मग बायका बाईंवर तुटून पडल्या. पहिली माझीच. "अहो बाई, लिहा ना साबण आहे म्हणून! तुमचं काय जातंय? आमचं केंद्र जाईल!" बाई सरळ गाडीत जाऊन बसल्या. हापिसात गेल्यावर साहेबांनी हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं, "बाई, प्रत्येक घरात आपल्याला साबण दिसला ना? मग दिसला असं लिहा. त्यात खोटं काय आहे?" बाई म्हणाल्या, "साबण दिसला, साहेब. पण तो घरात नव्हता, प्रवासात होता."

त्या दिवशी घरी मला जेवण मिळालं, पण ताट असं आदळून की आमटी भिंतीवर. "तुमच्या त्या बाईमुळं आमच्या पोटावर पाय येणार," बायको म्हणाली. गल्ली माझ्याशी बोलेना. बाईंचं नाव काढलं की लोक थुंकायचे. मी मनात म्हटलं, बाई, एका वडीसाठी काय मिळवलंत?

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. पण त्या म्हणाल्या, "काल साबण कुठून निघाला आणि कुठं कुठं गेला, त्या रस्त्यानं मला चालवत न्या. पुढून नाही, बोळातून." मग आम्ही दोघं त्या अरुंद बोळातून चाललो, बाई साडी सावरत, मी पोट आत घेत. साबण निघाला माझ्या घरातून. माझ्या घरी तो का होता? कारण बायको केंद्रात होती. आमच्या शेजारचीही केंद्रात. आणि त्यांच्याकडं दुसरा साबणही निघाला, गरज पडलीच तर म्हणून लपवून ठेवलेला. जसजसं पुढं जावं, तसतशी केंद्रात जाणारी बाई कमी होत गेली आणि निळी वडी वाढत गेली. टोकाच्या घरापर्यंत पोचलो तेव्हा बाई थांबल्या. वहिनी ओट्यावर बसून पायांना भेगांचं मलम लावत होती. बाईंनी तिला एकच विचारलं, "केंद्रात का येत नाही?"

ती म्हणाली, "येऊन करू काय बाई? तुमचं चालू होते सकाळी. सकाळी तर मी लोकायची भांडी घासतो. सोडली तर रातीले खाऊ काय? आन् नाही सोडली तर शिकू कधी?"

परतताना बाईंनी एकदा बोळाकडं वळून बघितलं. मग म्हणाल्या, "ड्रायव्हर, आपण आयुष्यात प्रथमच एक उपयोगी काम केलंत. साबण फिरवलात." मी इतका फुगलो की गाडी दुसऱ्या गिअरमध्येच हापिसापर्यंत आणली.

दिवाळीनंतर ट्रस्टचे गृहस्थ आले. गोरे, सौम्य, पुण्यातच वाढलेले पण मराठी बोलताना जरा अडखळणारे. बाईंनी मलाही आत बोलावलं. मी म्हटलं, "बाई, मला मोठ्या माणसांत शिंकसुद्धा नीट येत नाही." त्या म्हणाल्या, "शिंकायचं नाही, सांगायचं." टेबलावर चहाचे कप होते. बाईंनी ते ओळीत मांडले. "ही गल्ली. हे यांचं घर. हे टोकाचं." आणि बशीतलं एक क्रीमचं बिस्किट उचलून माझ्या हातात दिलं. "हा साबण. आता त्या दिवशी कसा गेला ते दाखवा." मी बिस्किट एका कपाकडून दुसऱ्या कपाकडं सरकवत सगळं सांगितलं, फेसासकट. गृहस्थ आधी हसले, मग हसायचे थांबले, मग पुढं वाकून बघायला लागले. बिस्किट टोकाच्या कपाशी पोचलं. तेवढ्यात साहेबांनी घाबरून ते उचललं आणि खाल्लं. नजर भलतीकडंच होती त्यांची. बाई म्हणाल्या, "आपल्या कार्यक्रमात असंच होतं. शेवटच्या घरी पोचायच्या आत मधलाच कुणी खातो."

गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे, कार्यक्रम फसला?"

"अर्धा. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांचं आणखी बरं झालं. ज्यांच्यासाठी काढला त्या दाराशीसुद्धा येऊ शकल्या नाहीत, कारण आपण दार उघडतो तेव्हा त्या दुसऱ्यांच्या घरी असतात."

"इतकं स्पष्ट आम्हाला कुणी सांगत नाही."

"विचारत नसाल."

साहेबांच्या घशात बिस्किट अडकलं. मी पाणी द्यायला उठलो. डोळ्यांसमोर बायको होती, आणि तिच्या मागं, का कोण जाणे, ओल्या केसांची ती वहिनी. गृहस्थांनी टोकाचा कप बोटानं जरा जवळ ओढला. मग म्हणाले, "मग बंद करायचं का?"

बाई म्हणाल्या, "बंद करायचं असेल तर आज करा. चालू ठेवायचं असेल तर दुपारी करा. भांडी घासून झाल्यावर. आणि आता ज्या आहेत त्यांना शिकवायला उभं करा, त्यांच्या जागा टोकाच्या घरांना द्या. वर्षानं मी पुन्हा येईन. फसलं तर फसलं म्हणून सांगेन."

त्या माणसानं वर्ष दिलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला बाईंचा जो अभिमान वाटला, तेवढा मला माझ्या लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसल्यावरही वाटला नव्हता. अर्थात तो घोडा मध्येच बसला, ही गोष्ट वेगळी. खोटं बोलून जे वाचवता आलं असतं, ते या बाईनं खरं बोलून वाचवलं, आणि वर दुरुस्तही केलं.

बायको पहिले काही दिवस धुमसत होती. "आमच्या जागा काढून दुसऱ्यांना?" पण वहिनी दुपारी दमूनभागून केंद्रात आली, कणकेत हात घातला आणि पहिल्याच पोळीला मधोमध भोक पाडलं, तेव्हा माझ्या बायकोतली मास्तरीण जागी झाली. "अगं, पोळी लाटतेस का भांडं घासतेस? हात हलका ठेव!" वहिनी म्हणाली, "हात हलका असता तर भांडी कायले घासली असती!" दोघी हसल्या ते आम्हाला बाहेर ऐकू आलं. पुढं वहिनीची पोळी कँटीनवाले नाव घेऊन मागायला लागले, आणि आजही कुणी तिचं कौतुक केलं की माझी बायको मध्येच म्हणते, "माझ्याच हाताखाली शिकलीय ती." म्हणते तशी मानही ताठ होते.

वर्षानं बाई पुन्हा आल्या. या वेळी कशावरून मोजतायत ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी खूप खोदून बघितलं. म्हणाल्या, "आपल्याला सांगणं म्हणजे आकाशवाणीवर देणं." सगळ्या वस्तीनं मोऱ्या लखलखीत ठेवल्या, साबणांच्या चवडी लावल्या, आणि बाई मोरीकडं फिरकल्याच नाहीत. काय बघून गेल्या ते आजही कुणाला ठाऊक नाही. बायकोचं म्हणणं त्या कपड्यांच्या दोरीकडं बघत होत्या, वहिनीचं म्हणणं चपलांकडं. पलीकडच्या गल्लीतही जाऊन आल्या. मग सांगितलं, टोकाच्या घरांचं बरंच सुधारलं आहे, पण पलीकडच्या गल्लीतही आपोआप थोडं सुधारलं आहे, तेवढं आपल्यातून वजा. मी चिडलो. "आमच्यातून त्यांचं का वजा करता, बाई? आमच्या बायका राबल्यात!" बाई म्हणाल्या, "वजा करून जे उरलं ते थोडं आहे, ड्रायव्हर. पण ते आपलं आहे. त्याला कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही." पेठेतल्या बाईच्या तोंडी बाप आलेला मी पहिल्यांदा ऐकला. त्या वेळी त्यांचा आवाजही जरा हलला होता, पण तो किती, ते विचारायची माझी टाप नव्हती.

आता बाई कामावर येत नाहीत. गुडघे बोलतात, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या जागी तरुण पोरं येतात, हातात टॅब्लेट, कुणाच्याच मोरीत जात नाहीत. चांगली पोरं आहेत, पण 'छान' म्हटलं की पुढं विचारत नाहीत. मध्ये एकदा बाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, मुलगा परदेशी, म्हणून मीच गेलो. परतताना दुपार झाली होती. मी मुद्दाम गाडी आमच्या वस्तीच्या बाजूनं घेतली. केंद्र दिसायला लागलं तसं म्हटलं, "बाई, थांबवू का? सगळ्यांना फार आनंद होईल."

"नको," त्या घाईनं म्हणाल्या. "मी दिसले की त्या मला दाखवण्यासारखं वागायला लागतील. जसं चाललंय तसं चालू दे."

 मी फक्त पाय ॲक्सिलेटरवरून काढला. गाडी इतकी हळू झाली की मागचा रिक्षावाला मला शिव्या घालायला लागला. बाईंनी काच खाली केली, डोळे बारीक केले. त्यांना काही दिसत नव्हतं हे मला कळत होतं. फक्त भाजलेल्या पोळ्यांचा वास आणि आतला बायकांचा कालवा.

"ती टोकाची आहे का आत?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. वहिनी शेगडीपाशी कमरेला पदर खोचून उभी होती, एका नव्या बाईला झापत. "आहे," मी म्हटलं. "कुणाला तरी बोलतेय."

"बोलतेय की शिकवतेय?"

मी जरा ऐकलं. "दोन्ही."

बाईंनी काच वर केली आणि मागं टेकून बसल्या. मग, मला वाटतं स्वतःशीच, म्हणाल्या, "छान."

मी विचारलं नाही, कशापेक्षा. मागच्या रिक्षावाल्याला हात दाखवला आणि गाडी हळूहळूच पुढं नेली.